दोन दगडांमधलं तिरकं पाऊल

आप्पा, तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. कॉलेजात होते तेव्हा सकाळी बेळगावच्या आपल्या वडगावातून निघायचे आणि दुपारी वडगावातच परत यायचे, पत्र लिहावं एवढं अंतर आपल्यात कधी पडलंच नाही. लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं होतं. आता लिहायला बसलेय ते एका खेळाच्या नियमाबद्दल. मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गुळमुळीत बोलायला मला जागा राहणार नाही. तुम्ही आजारातून उठलात, बोलायला लागलात, भिंतीला धरून चालायला लागलात, आणि मग एके दिवशी तुम्हीच ठरवून टाकलंत की आपलं डोकं आता कामाचं राहिलेलं नाही. ते डोकं धड होतं. ते बिघडलंय असं तुम्हाला वाटलं ते माझ्यामुळं. बावीस वर्षं झाली, हे मी आईला सांगितलं नाही, दादाला नाही, नवऱ्यालाही नाही.

तुमचं डोकं कसलं होतं हे मी तुम्हालाच काय सांगणार. आपल्या पुढच्या खोलीत दोन माग होते आणि त्यांच्या खटखटाटात आपण सगळे ओरडून बोलायला शिकलो. अजून माझा नवरा म्हणतो, तू साखर मागितलीस तरी भांडायला आल्यासारखं वाटतं. पण तुमचं खरं काम मागावर नव्हतं, कागदावर होतं. साडीचा काठ विणायच्या आधी तो चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एक घर म्हणजे एक धागा, भरलेलं घर म्हणजे धागा वर, मोकळं घर म्हणजे खाली. वडगाव-शहापुरातले किती मागवाले तुमच्याकडून काठ काढून न्यायचे. मोर, कुयरी, देवळाचं शिखर, सगळं तुम्ही पेन्सिलीनं एकेक घर भरत काढायचा आणि नुसतं बघून सांगायचा, हितं धागा सुटणार, हितं काठ ओढून धरणार. घरं बोट लावून मोजताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. मावशीच्या लग्नात ऐन अक्षता पडायच्या वेळेला तुम्ही नवरीच्या शालूकडं बघत 'तिसऱ्या मोरात एक घर चुकलंय' म्हणालात आणि आईनं तुमच्या दंडाला असा चिमटा काढला की तुमचं 'आई गं' शेजारच्या रांगेपर्यंत गेलं. आई ती गोष्ट अजून सांगते. आता सांगताना ती हसत नाही, एवढाच फरक.

मग तो झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकाच सकाळी गेली. माग दादानं हातात घेतले, कारण थांबवून चालणार नव्हतं, आणि तुम्ही त्याच खोलीत कोपऱ्यातल्या कॉटवर पडून राहिलात. येळ्ळूरची आत्या दर आठवड्याला कसलंसं काळं तेल घेऊन यायची आणि चोळता चोळता तुमच्याशी ठणठणीत आवाजात बोलायची, जणू तुमचे कानच गेलेत. बघायला येणारे सगळेच तसं बोलायचे. तुम्ही डोळे मिटून घ्यायचा. सहा-सात महिन्यांनी तुम्ही उठून बसायला लागलात, शब्द पण परत आले, अडखळत का होईना. पण पेन्सिल तुम्ही मागितली नाहीत. आईनं एकदा चौकटीचा कागद आणून तुमच्या पुढ्यात ठेवला, तर तुम्ही तो डाव्या हातानं हळूच उलटा करून ठेवलात. दुसऱ्या दिवशी आईनं तो गुंडाळून फळीवर टाकला.

तो खेळ आला आईच्या हातून. कॅम्पातल्या एका फौजी साहेबांच्या बाईंच्या साड्यांना आई फॉल लावून द्यायची. साहेबांची बदली झाली आणि सामान बांधता बांधता बाईंनी एक मोठा खोका आईच्या हातात ठेवला, 'बच्चों के लिए' म्हणून. बच्चे म्हणजे वीस वर्षांची मी आणि पंचविशीतला दादा. खोक्यात जाड पुठ्ठ्याचे तुकडे होते, ते जोडले की एक भुयार तयार व्हायचं, खोल्या, बोळ, दारं, जिने. प्लास्टिकची बारकी माणसं होती, सांगाडे होते, दोन राक्षस होते, त्यातल्या एकाचं डोकं कुणीतरी चावलेलं. आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, नियमांचं. मी ते खेळ म्हणून बघितलंच नाही, खोका कॉटखाली सरकवला. तुम्हीच म्हणालात, 'ते काय हाय गं? घरं दिसत्यात त्याच्यावर.' आजारानंतर तुम्ही आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न होता. पुठ्ठ्याच्या प्रत्येक तुकड्यावर चौकटी आखलेल्या होत्या, आणि तुमची नजर कॉटवरून बरोबर तिथं गेली होती.

लाईट गेली की माग थांबायचे, आणि माग थांबले की आपण खेळायचो. दुपारी दोन-तीन तास लाईट जायचीच तेव्हा. मी भुयाराचा धनी, म्हणजे सांगाडे आणि राक्षस माझे, आणि नियमांचं पुस्तक माझ्या मांडीवर, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. तुम्ही तिघं भुयारात शिरणारे. दादा तलवारवाला, तो सगळीकडं आधी धावायचा आणि आधी मरायचा. आईकडं धनुष्यवाली बाई. आईला कुणालाच मारायचं नसायचं. 'निजलाय न्हवं त्यो? मग बाजूनं जाऊया की, कशाला उठवायचं,' असं ती राक्षसाबद्दल म्हणायची, आणि मी कपाळाला हात लावायची. तुम्ही घेतलात कुऱ्हाडवाला बुटका. त्याची बाहुली खोक्यात नव्हती, हरवली होती, म्हणून तुम्ही मागाच्या धोट्यातली सुताची रिकामी कांडी उभी ठेवलीत. बुटक्याला एका खेपेला चारच पावलं टाकता यायची, बाकीच्यांना सहा. 'चार बास हाईत मला,' तुम्ही म्हणालात, 'घरात तेवढीबी पडत न्हाईत.' आम्ही हसावं की नाही ते आम्हाला कळेना, तेव्हा तुम्हीच आधी हसलात.

नियमांवरून आपण काय भांडायचो, आप्पा. खडीच्या घरात शिरायला दोन पावलं लागायची, पाण्यात शिरलं की ती खेप तिथंच संपायची, दगडाच्या घरात पाय ठेवायचाच नाही. तिरकं पाऊल एकच धरायचं. हे सगळं मी वाचून सांगायची आणि तुम्ही वकिलासारखी उलटतपासणी घ्यायचा. 'खडीत शिराय दोन लागत्यात म्हणतीस, मग भाईर पडाय किती?' मी म्हणायची, एकच. 'ह्ये चूक हाय. शिरताना माणूस पडतंय खाली आपसूक, निघताना जोर लागतोय. मला इचार.' मी पुस्तक दाखवायची, तुम्ही मान हलवून एकच पाऊल मोजायचा, पण पुटपुटायचा, 'लिवणारा धडधाकट असणार.' दुसऱ्याच्या घरातून जाता येतं का, यावर आई आणि दादाची एकदा चांगलीच जुंपली. नियम असा होता की घरात उभा असलेला हो म्हणाला तर त्याच्यातून पलीकडं जाता येतं, पण त्याच घरात थांबता येत नाही. दादा म्हणाला हे कसं शक्य आहे. तुम्ही म्हणालात, 'दोन मागांच्या मधनं तुझी आई चहा घिऊन जाती तवा काय करतोस? पोट आत घेतोस न्हवं? तसंच ह्ये.' भांडण तिथंच मिटलं. आणि पुस्तकात ज्याचं उत्तर नसायचं तिथं निवाडा तुमचा चालायचा, तो मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मराठीत लिहून ठेवायची. सात-आठ निवाडे झाले होते. तुमचा आवाज मोकळा झाला तो त्या भांडणांत. आत्याच्या तेलानं नाही, हे मी तेव्हाही म्हणायची आणि आत्याच्या शिव्या खायची.

मग त्या गुरुवारी आपल्या गल्लीच्या टोकाचे ते मालक आले, ज्यांचे आठ माग होते. त्यांना नवा काठ हवा होता आणि काढणारं कुणी नव्हतं. ते म्हणाले, 'आप्पा, हात चालंना तर ऱ्हाऊ दे, तुमी नुसतं सांगा, घरं भराय माणूस देतो.' तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत, हेच आम्हाला केवढं वाटलं. आई आत चहा टाकायला गेली ती दोनदा साखर घालून आली. मालकांनी मला बघून विचारलं, हीच का नाही घरं भरायला, आणि तुम्ही हसलात, 'ही? ही बी.ए. करती. पण घरं मोजाय सांगा, अजून बोटं लावून मोजती.' मालक हसले, दादा पण हसला. तुम्ही बऱ्याच महिन्यांनी चारचौघांत थट्टा केली होती, मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या नाकावर तेव्हा राग कायम बसलेला असायचा, तुम्हाला ठाऊक आहे. त्या घरात सगळ्यांना सगळं यायचं, आईच्या हाताला सुई, दादाला माग, तुम्हाला तर काय, आणि मला फक्त इंग्रजी. ते तिथं कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, त्या पुस्तकाखेरीज. मालक गेल्यावर तुम्ही आईला हळू आवाजात म्हणालात, 'सोमवारी सांगतो म्हटलोय. ह्या खेळातली शेवटची खोली पार झाली तर समजायचं डोकं जाग्यावर हाय.' मी पडद्यामागं कपड्यांच्या घड्या करत होते. मी ते ऐकलं. थट्टेत म्हणाला असाल असं समजून सोडून दिलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. थट्टा नव्हती. तुम्ही थट्टा करताना आवाज चढवायचा, हळू बोलायचा नाहीत.

शनिवारी दुपारी लाईट गेली. शेवटची खोली मांडायची ती भुयाराच्या धन्यानं, म्हणजे मी. मी ती मन लावून अवघड मांडली. एका टोकाला वर जाणारा जिना, मधे पाणी, पाण्याच्या कडेनं दगड, आणि तुमच्या मागं माझे चार सांगाडे. दादा नेहमीसारखा पहिल्या दहा मिनिटांत मेला आणि शेंगा खात बघत बसला. आईची बाई पाण्यात अडकली. तुमची कांडी राहिली एकटी, तिच्यात जीव एकाच घावापुरता, आणि पाळी तुमची. दगडांना वळसा घालून जिन्यापर्यंत सात पावलं पडत होती, बुटक्याला चार. पुढच्या खेपेला सांगाडे तुम्हाला धरणार हे ठरलेलंच होतं. मी मनातल्या मनात जिंकले होते. तुम्ही पटाकडं बघत राहिलात. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण दादाच्या शेंगा संपल्या. मग तुम्ही डाव्या हाताचं बोट उचललंत आणि दोन दगडांच्या मधे ठेवलंत, जिथं ते दोन्ही दगड फक्त कोपऱ्याला कोपरा लावून होते. 'हितनं जातोय मी. एक सरळ, एक तिरकं, एक सरळ. तीन.' मी म्हटलं, तिथं वाट कुठाय, दोन्हीकडं दगड आहेत. तुम्ही म्हणालात, 'कोपऱ्याला कोपरा टेकला म्हणून वाट बंद हुईत न्हाय. काठात बघ की. दोन काळी घरं अशी तिरकी टेकल्यात, तर त्यांच्या मधनं पांढरी दोन बी तशीच टेकून जात्यात. दोघंबी आपापल्या वाटेनं जात्यात, कोण कुणाला अडवत न्हाय. न्हायतर कुयरीला बाक आला असता व्हय?' तुमचा चेहरा असा उजळला होता की आई पाण्यातल्या आपल्या बाईला विसरून तुमच्याकडंच बघत होती.

मी पुस्तक उघडलं. पान मला पाठ होतं. त्यात लिहिलं होतं की भिंतीच्या कोपऱ्यावरून तिरकं पाऊल टाकता येत नाही. आणि त्याच्या लगेच पुढं लिहिलं होतं की सुटे दगड म्हणजे भिंत नव्हे, दोन दगड कोपऱ्याला टेकले असले तरी त्यांच्या मधून तिरकं जाता येतं. दोन वाक्यं, एकाखाली एक. मी पहिलं मोठ्यानं इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं, 'कोपऱ्यावरून तिरकं जाता येत नाही,' आणि पुस्तक मिटलं. तुम्ही म्हणालात, 'परत वाच की एकदा.' मी परत तेवढंच वाचलं. 'लिवलंय तसं?' 'लिहिलंय.' एवढाच संवाद झाला. दादानं 'बघू' म्हणून हात पुढं केला असता तरी त्याला काय कळणार होतं, आणि त्यानं तो केलाही नाही. तुम्ही बोट मागं घेतलंत. 'मग झालं,' म्हणालात. पाठीला काही बोचतंय तसे जरा सावरून बसलात, आणि माझ्या सांगाड्यानं तुमची कांडी पाडली ती तुम्ही स्वतःच उचलून खोक्यात ठेवलीत. लाईट आली. दादानं माग सुरू केले. मला जिंकल्यासारखं वाटलं, ते फार तर माग सुरू होईपर्यंत. त्यानंतर मी पुस्तक घेऊन तुमच्याकडं यायला हवं होतं. आप्पा, पुढचं वाक्य राहिलं वाचायचं, एवढंच म्हणायचं होतं. घाईत सुटलं म्हटलं असतं तरी चाललं असतं, खोटं पण पचलं असतं.

रविवार गेला. सोमवारी मालक आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्ही त्यांना बसा म्हणालात, आणि मग अगदी सरळ आवाजात सांगितलंत, 'न्हाय जमायचं मला. चौकटी फसवाय लागल्यात. जिथं वाट न्हाय तिथं मला वाट दिसती. तुमच्या काठाचं वाटोळं व्हायचं.' मालक म्हणाले, आप्पा, असं काय बोलता. तुम्ही म्हणालात, 'खरंच सांगतो. आजारानं डोकं घेतलंय माझं, हात-पाय उगंच बदनाम झाले.' मी ट्रे ओट्यावर ठेवून दिला. एक वाक्य बोलायचं होतं. दारातून दोन पावलं पुढं यायचं आणि एक वाक्य बोलायचं. मी ओट्याशीच थांबले. मालकांसमोर मी खोटारडी ठरेन, एवढाच विचार होता डोक्यात, तुमचा नव्हता. आईनं ओट्यावरचा ट्रे उचलून बाहेर नेला. महिन्याभरानं मालकांनी कॉम्प्युटरवर काठ काढणारा माणूस धरला, आणि मग तुमच्याकडं कुणी काठासाठी आलं नाही. खोका कॉटखालीच राहिला. एकदा दादानं विचारलं, खेळायचं का, तर तुम्ही म्हणालात, 'तुमी खेळा, मी बघतो.' तुमच्याशिवाय कोण खेळणार होतं.

तुम्ही दीड वर्ष होता त्यानंतर. मी कॉलेजातून यायच्या वेळेला पायरीवर बसलेले असायचा, मी दिसले की 'आली बग' म्हणून आत सांगायचा. माझ्यावर कधी रागावला नाहीत. मला तेच जड जायचं, आणि त्याचा राग मी तुमच्यावर काढायची, भाजीत मीठ कमी म्हणालात तरी फणकारायची. तुम्ही गेल्यावर दादानं खोका रद्दीत द्यायला काढला, मी त्यातलं पुस्तक तेवढं घेतलं आणि लग्नाच्या ट्रंकेत तळाशी टाकलं. उघडलं कधी नाही.

आता मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही. इथं निपाणीत तालुक्याच्या कचेरीसमोर एका गाळ्यात कॉम्प्युटर घेऊन बसते. लोक कन्नड कागद घेऊन येतात, नोटिसा, उतारे, पेन्शनीची पत्रं. बोलायला कन्नड सगळ्यांना येतं, वाचायला येत नाही. 'आक्का, एवढं वाचून सांगा की,' म्हणतात, आणि कागद असा पुढं करतात की त्यांचा सगळा भार आता माझ्यावर. गेल्या महिन्यात सदलग्याचे एक म्हातारे आले होते. मी त्यांना नोटीस वरच्या ओळीपासून खालच्या बारीक अक्षरापर्यंत वाचून दाखवली, शिक्क्यावरचं सुद्धा. ते कंटाळले. 'बाई, मतलब सांगा की, पुराण कशाला लावलंय,' म्हणाले. मी म्हटलं, ऐकायचं असेल तर सगळं ऐका, नाहीतर दुसरीकडं जा. नवरा म्हणतो तुझ्या ह्या स्वभावानं गिऱ्हाईक पळतं. पळू दे. तुम्ही 'परत वाच की' म्हणालात आणि मी परत तेवढंच वाचलं, ते दर कागदाला माझ्या तोंडाशी येतं.

आणि मग गेल्या रविवारी माझी मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन घरी आली. ती बेळगावात कॉलेजला आहे, तिथं ह्या मुलींना पटांवरच्या खेळांचं खूळ लागलंय. पट मांडला तर तोच खेळ, आप्पा. नवा खोका, नवी चित्रं, पण भुयार तेच, खडी तीच, पाणी तेच. मी पोहे करत होते आणि बाहेर त्या तिघी तारस्वरात भांडत होत्या, दोन दगड कोपऱ्याला टेकलेत, मधून तिरकं जाता येतं की नाही. नव्या पुस्तकात त्याबद्दल काहीच नव्हतं. मुलगी आत येऊन म्हणाली, 'आई, तू म्हणाली होतीस न्हवं तुमच्याकडं जुना होता, त्याचं पुस्तक आहे का गं?' मी गॅस बंद केला आणि माळ्यावर चढले.

ट्रंकेत तळाशी होतं. मी आधी ते पान उघडलं. दोन्ही वाक्यं तिथंच होती, एकाखाली एक. मग मागं चाळलं, शेवटच्या पानांवर उदाहरणांची चित्रं आहेत, ती मी कधी नीट बघितलीच नव्हती. एका चित्रात एक बुटका, दोन दगड, आणि त्यांच्या मधून गेलेला एक तिरका बाण. त्याला वाचायला इंग्रजी लागत नाही. आणि चित्राच्या शेजारी, कोऱ्या जागेत, पेन्सिलीनं काढलेली घरं होती. वाकडी, थरथरती, डाव्या हाताची. ती आपली शेवटची खोली होती. पाणी आडव्या रेघांनी दाखवलेलं, जिना कोपऱ्यात, दगड काळे भरलेले, आणि त्यांच्या मधून तीन टिंबं, जशी तुम्ही काठाच्या कागदावर द्यायचा. एक सरळ, एक तिरकं, एक सरळ. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मालक येऊन जायच्या आधी हे कळलं असतं तर तुम्ही त्यांना तसं बोलला नसता, एवढं मला कळतं. म्हणजे नंतर कधीतरी, घरात कुणी नसताना, तुम्ही तो खोका एका हातानं ओढून बाहेर काढलात, पानं उलटलीत, आणि पेन्सिल घेतलीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं की डोकं जाग्यावर आहे आणि मुलगी खोटं बोलली. तोवर काठ कॉम्प्युटरवर गेले असणार. आणि तुम्ही पायरीवर बसून 'आली बग' म्हणत होता. मला वाटत होतं तुम्ही स्वतःला बाद समजून गेलात, तसं नव्हतं, ह्याचं मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी तुमच्या नजरेसमोर ते सगळं दीड वर्ष मी कशी वावरले असेन ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माळ्यावर ट्रंकेला टेकून रडले. तुम्ही मला एकदा तरी फटकारायला हवं होतं, आप्पा.

हे लिहून दादाला वाचून दाखवावं असं सकाळपासून डोक्यात होतं. दाखवणार नाही. कारण पुढचं सांगायचंय ते कुणाला सांगण्यासारखं नाही. मुलगी खालून हाका मारत होती. पुस्तक तिच्या हातात गेलं की ती विचारणार, हे कुणी काढलंय, मग मला सगळं सांगावं लागणार. ट्रंकेत तिची जुनी कंपासपेटी होती, तिच्यात खोडरबर होतं. मी तुमचा जिना पुसला, पाणी पुसलं, दगड पुसले, आणि शेवटी ती तीन टिंबं पुसली. मग खाली आले आणि नियम वाचून दाखवला, दोन्ही वाक्यं, सावकाश, दोनदा. तिरकं पाऊल चालतं. मुलगी उड्या मारायला लागली. तिची मैत्रीण म्हणाली, 'काकू, ही वाट कुणाच्या लक्षात तरी आली असती का? तुमच्यात कुणाला सापडली होती?' मी पोह्यांवर खोबरं घालत होते. 'पुस्तकात आहे,' म्हटलं. तुमचं नाव मी घेतलं नाही.